निराधारांचा वाली कोण?

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाणे महानगरपालिकेची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर या दोन्ही शहरांचा कारभार शासनाने नेमलेल्या प्रशासकांच्या हाती होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या आणि लोकनियुक्त नगरसेवक पुन्हा सभागृहात आले. हे स्वागतार्हच आहे. खड्डे, पाणी, कचरा, वाहतूक कोंडी हे विषय आता सभागृहात गाजतील आणि ते गाजलेही पाहिजेत. पण एक विषय असा आहे की, जो कोणाच्या वचननाम्यात ठळक अक्षरांत छापला जात नाही आणि ज्याची सभागृहात कोणी हिरिरीने मांडणी करत नाही. तो विषय म्हणजे आपल्या शहरातील निराधार माणूस.

डोंबिवलीतील सत्तरीच्या एका विधवेची कल्पना करा. मुलगा नाही, असला तर विचारत नाही. शेजारपाजारच्या आधारावर दिवस निघतो. ती प्रथम कोठे जाईल? आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाकडे किंवा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात. तेथे तिला सांगितले जाईल की, निराधारांचे अनुदान हा महापालिकेचा विषय नाही, तहसीलदारांकडे जा. मग कल्याणला तहसील कार्यालय, तेथे उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा. जो नगरसेवक तिला ओळखतो, त्याला अधिकार नाही. ज्या अधिकाऱ्याला अधिकार आहे, तो तिला ओळखत नाही. दारिद्र्यनिवारणाच्या आपल्या व्यवस्थेचे सारे दुखणे या दोन वाक्यांत सामावले आहे.

गरिबाला मदत कोणी करायची, किती करायची आणि ते ठरविण्याचा अधिकार गावाचा की राजधानीचा, हा प्रश्न नवा नाही. ज्या इंग्रजांकडून आपण आपली प्रशासनयंत्रणा घेतली, त्यांच्या देशात या एका प्रश्नावर साडेतीनशे वर्षे वाद झाला. त्या वादाचा इतिहास आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. तो वाचण्यासारखा आहे, कारण आपल्या महापालिका कायद्यातील अनेक कलमांची पाळेमुळे त्याच मातीत आहेत.

इंग्लंडमध्ये १६०१ साली, राणी एलिझाबेथच्या अखेरच्या काळात, गरिबांविषयीचा कायदा झाला. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चभोवतीच्या गावाने, आपल्या हद्दीतील घरमालक-जमीनमालकांवर कर बसवावा आणि त्यातून आपल्या गावचे वृद्ध, अपंग, अनाथ पोसावेत, अशी ती व्यवस्था होती. गावातलेच काहीजण देखरेखीसाठी नेमले जात. त्यांना प्रत्येक घराची स्थिती ठाऊक असे. खरा गरजू कोण आणि सोंग आणणारा कोण, हे त्यांना दाखल्याविना समजे. ही त्या व्यवस्थेची जमेची बाजू.

पण तिला दुसरीही बाजू होती आणि ती विसरणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचे म्हटल्यावर गाव संकुचित होते. १६६२ च्या कायद्याने गावात नव्याने आलेला आणि पुढेमागे आपल्यावर भार होईल असा माणूस चाळीस दिवसांच्या आत हाकलून देण्याची सोय झाली. त्याने आपल्या मूळ गावी परत जावे, ही अपेक्षा. बाळंतपण जवळ आलेल्या स्त्रियांनाही हद्दीबाहेर नेऊन सोडण्याचे प्रकार घडले, कारण मूल आपल्या हद्दीत जन्मले तर त्याचा भार आपल्यावर! स्थानिक स्वायत्तता ही आपोआप माणुसकीची असते, असे समजण्याचे कारण नाही.

पुढे औद्योगिक क्रांती झाली, खर्च वाढला आणि १८३४ मध्ये लंडनच्या सरकारने सूत्रे हाती घेतली. सुमारे पंधरा हजार पॅरिशांचे मिळून सहाशेच्या आसपास संघ करण्यात आले आणि त्या सर्वांवर तीन आयुक्तांचे एक मंडळ नेमण्यात आले. सॉमरसेट हाऊसमध्ये बसून हे तीन आयुक्त देशभरच्या गरिबांच्या ताटात काय वाढायचे, हे परिपत्रकांनी ठरवू लागले. सूत्र असे होते की, मदत घेणाऱ्याची अवस्था कमीतकमी मजुरी मिळविणाऱ्या मजुराहूनही वाईट असली पाहिजे, म्हणजे कोणी सहजासहजी मदत मागणार नाही. त्यासाठी श्रमगृहे उभी राहिली. तेथे नवरा-बायकोंना वेगळे ठेवत, मुलांना आईपासून तोडत. १८४५ मध्ये अँडोव्हरच्या श्रमगृहातील प्रकार उघडकीस आला. खतासाठी हाडे कुटण्याचे काम दिलेले उपाशी लोक त्या हाडांवरचे सडके मांस आणि आतला मगज चोखून खात होते. संसदेने चौकशी केली आणि १८४७ मध्ये ते आयुक्तमंडळ गुंडाळावे लागले. त्याच्या जागी संसदेला उत्तर देणारे नवे मंडळ आले. सत्ता दूर असली आणि ती कोणाला उत्तरदायीही नसली की काय होते, याचा हा धडा.

गेल्या शतकातला दुसरा धडा अधिक बोलका आहे. पॉप्लर हा लंडनच्या पूर्वेकडील गोदी कामगारांचा, गरिबांचा भाग. तेथे बेकार अधिक, म्हणून मदतीचा खर्च अधिक. आणि मालमत्ता कमी किमतीच्या, म्हणून कराचे उत्पन्न कमी. श्रीमंत वेस्टमिन्स्टरमध्ये नेमके उलट. गरिबांनीच गरिबांना पोसावे, हा न्याय कोणता, असे विचारत १९२१ मध्ये पॉप्लरच्या नगरपरिषदेने लंडन कौंटीचा वाटा भरण्यास नकार दिला. जॉर्ज लॅन्सबरी यांच्यासह तीस सदस्य तुरुंगात गेले. त्यांत स्त्रियाही होत्या. शेवटी सरकार नमले आणि मदतीच्या खर्चाचा मोठा भाग साऱ्या लंडनवर विभागून टाकणारा कायदा झाला. परंतु त्याच पॉप्लरने आपल्या कामगारांना, स्त्री-पुरुष भेद न करता, आठवड्याला किमान चार पौंड वेतन दिले, तेव्हा सरकारी लेखापरीक्षकाने ते अवाजवी ठरवून जादा रक्कम सदस्यांच्या नावे टाकली. १९२५ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने त्या लेखापरीक्षकाची बाजू उचलून धरली. १९२६ च्या कायद्याने तर सढळ हाताने मदत देणारी स्थानिक मंडळे बरखास्त करून सरकारी माणसे बसविण्याचा अधिकार मंत्र्याला मिळाला, आणि वेस्ट हॅममध्ये तो लगेच वापरला गेला. १९२९ मध्ये ही मंडळेच कायद्याने रद्द झाली आणि १९४८ मध्ये राष्ट्रीय साहाय्याचा कायदा होऊन जुना गरीब कायदा इतिहासजमा झाला.

हे सारे इंग्लंडात घडत असताना भारतात काय होते? गरिबाला मदत मागण्याचा कायदेशीर हक्क देणारा असा कोणताही कायदा इंग्रजांनी येथे आणला नाही. त्यांनी येथे आणले ते नियंत्रण. दायित्व मात्र घरीच ठेवले. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर नाममात्र पैसे इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता तयार झाल्या. त्या सरकारने स्वतःसाठी केलेल्या सूचना होत्या, प्रजेचा हक्क नव्हे, अशी सरकारची समजूत होती. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी नेमका तोच समज मोडून काढला. संहितेत काय लिहिले आहे, हे त्यांनी ‘केसरी’तून शेतकऱ्यांना मराठीत सांगितले. सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी ठाणे-कुलाब्यापर्यंत फिरले. सरकारने खटले भरले आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. भीक मागू नका, कायद्याने जे तुमचे आहे ते मागा, हा लोकमान्यांच्या त्या चळवळीचा आशय होता. निराधारांच्या प्रश्नाचा विचार करताना आजही तो मार्गदर्शक आहे.

आपल्या समाजाची स्वतःची व्यवस्था होती. मंदिरांची अन्नछत्रे होती, धर्मशाळा होत्या, माधुकरी होती, वारावर जेवून शिकलेल्या कर्तबगार पुरुषांच्या पिढ्या आपण पाहिल्या. दारी आलेला विन्मुख जाऊ नये, हा संस्कार कायद्याने दिलेला नव्हता. पण येथेही आत्मपरीक्षण हवेच. हे अन्न गावकुसाबाहेर ठेवलेल्या आपल्याच बांधवांपर्यंत सन्मानाने पोहोचत नव्हते. पंगतीत कोण बसणार हे जात ठरवत होती. परंपरेचा अभिमान बाळगताना तिच्यातील हा दोष झाकणे म्हणजे त्या परंपरेशीच प्रतारणा होय.

स्वातंत्र्यानंतर काय बदलले? महापालिकांचा कायदा १९४९ चा. राज्यघटना लागू होण्यापूर्वीचा, इंग्रजी मुशीतून निघालेला. त्यातील कलम ४५१ अन्वये महापालिकेचा ठराव निलंबित वा विखंडित करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. कलम ४५२ अन्वये महापालिकाच बरखास्त करता येते. आयुक्त शासन नेमते. कल्याण महापालिकेची स्थापना १९८३ ची. तिची पहिली निवडणूक व्हायला १९९५ उजाडले. म्हणजे जन्मानंतरची बारा वर्षे आणि अलीकडची पाच वर्षे या शहराने लोकप्रतिनिधींविना काढली. वेस्ट हॅमच्या करदात्याला हा अनुभव फार अनोळखी वाटला नसता.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. नागरी दारिद्र्य कमी करणे, झोपडपट्टी सुधारणा, दिव्यांगांसह दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हे विषय तिच्यात नागरी संस्थांचे म्हणून नोंदले गेले. मात्र ते प्रत्यक्ष सोपवायचे की नाही, हे राज्याच्या विधिमंडळाच्या इच्छेवर राहिले. निराधार अनुदान महसूल यंत्रणेकडेच आहे. रोजगार हमीचा महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा, ज्याचा देशभर गौरव झाला, तो ग्रामीण भागापुरता होता. शहरातल्या रिकाम्या हातांना त्यात स्थान नव्हते. दुसरीकडे महापालिकांची स्वतःची कमाई आटत गेली. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही २०१५ मध्ये बहुतांशी गेला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून महापालिका शासनाकडून येणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून बसू लागल्या. जबाबदारी कागदावर आली, पैसा हातातून गेला.

याची किंमत माणसे मोजतात. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. चौकशी समिती नेमली गेली. त्या दुर्घटनेच्या वैद्यकीय कारणांचा निवाडा येथे करायचा नाही. पण एक गोष्ट उघड आहे. हे रुग्णालय ठाणेकरांच्या करातून चालते आणि तेथे शहापूर, मुरबाड, पालघरपासून रुग्ण येतात. त्या वेळी जिल्हा रुग्णालयाच्या जागी नवी इमारत उभारण्याचे काम सुरू होते, त्यामुळे भार अधिकच वाढलेला होता. त्या रुग्णांना ‘तुम्ही आमच्या हद्दीतले नाही’ असे म्हणून परत पाठवायचे काय? मुळीच नाही. भारतात जन्मलेला माणूस भारताच्या कोणत्याही गावात परका नसतो, ही आपली धारणा आहे. पण मग जिल्ह्याच्या दुःखाचा खर्च एका शहराने का सोसावा? पॉप्लरने १९२१ मध्ये विचारलेला प्रश्न तो हाच.

आता शासनाने ठरविलेल्या निकषांकडे पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची. २०२३ मध्ये तिचे दरमहा अनुदान दीड हजार रुपये झाले. ही वाढ योग्यच होती. पण अर्जदाराच्या कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा सर्वसाधारणपणे वर्षाला एकवीस हजार रुपयेच राहिली. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. डोंबिवलीत या पैशांत एका खोलीचे भाडेही भागत नाही. याच राज्यात धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्ण म्हणून मोफत उपचारांसाठी धरलेली मर्यादा एक लाख ऐंशी हजार आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाख. त्या योजनेत वयाची अट २१ ते ६५. पासष्टी ओलांडली की श्रावणबाळ योजना, आणि तिची मर्यादा पुन्हा एकवीस हजार! चौसष्टाव्या वर्षी जी गरीब होती, ती सहासष्टाव्या वर्षी श्रीमंत कशी झाली? शासन आपल्या विचारांचे आहे म्हणून हा प्रश्न विचारायचा नाही, असे आम्ही मानत नाही. आपले म्हणूनच तो अधिक अधिकाराने विचारायचा असतो.

या निकषांचा आणखी एक परिणाम होतो. खरे उत्पन्न सांगितले तर अर्ज बाद, म्हणून दाखल्यावर खोटा आकडा लिहावा लागतो. निराधाराला पहिल्याच पायरीवर असत्य बोलायला लावणारी व्यवस्था दलालाला जन्म देते. आणि जो खोटे बोलायला धजत नाही, तो मुकाट्याने उपाशी राहतो.

मग उपाय काय? इंग्लंडच्या साडेतीनशे वर्षांच्या अनुभवातून एक साधे सूत्र हाती लागते. मदतीची किमान पातळी राज्याने ठरवावी. कमाल ठरविण्याचा हक्क गावाचा असावा. किमान राज्याने ठरवली की, कोणतेही शहर आपल्या दारचा गरीब हाकलू शकत नाही. कमाल गावाकडे राहिली की, ज्या शहराला अधिक करायचे आहे त्याचे हात कोणी बांधत नाही. हिशेब काटेकोर तपासावा, चोरी पकडावी. पण दयेवर अधिभार बसवू नये. ज्या शहरावर भोवतालचा भार पडतो, त्याला त्या प्रमाणात निधी द्यावा.

यातून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या नव्या सभागृहांपुढे काही ठोस कामे येतात. निराधार योजनांचे अर्ज प्रभाग कार्यालयात स्वीकारले जावेत आणि पडताळणीत महापालिकेला स्थान मिळावे, असा ठराव करून तो शासनाकडे पाठवावा. तो विखंडित झालाच, तर निदान कोणी आणि का केला हे नागरिकांना कळेल. उत्पन्नाची मर्यादा शहरातील जगण्याच्या खर्चाशी जोडली जावी, असा आग्रह आपल्या आमदारांनी विधिमंडळात धरावा. बेघरांचाही विषय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या बारा लाखांवर आणि ठाण्याची अठरा लाखांवर होती. त्या जुन्या हिशेबानेही अनुक्रमे बारा आणि अठरा निवारे हवेत. आपल्या शहरात किती आहेत, ते कोठे आहेत आणि रात्री त्यांची दारे उघडी असतात काय, हे प्रत्येक वाचकाने आपल्या नगरसेवकाला विचारावे.

धर्मादाय संस्थांबाबतही हेच सूत्र लागू पडते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने या संस्था धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आल्या. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार न्यासांच्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. ही किमान पातळी झाली आणि तिची अंमलबजावणी कठोरपणे व्हावी. पण मंदिरांचा पैसा सरकारने आपल्या योजनांकडे वळवावा, हा विचार मात्र वेगळा आणि अयोग्य आहे. देवापुढे ठेवलेले दान देणाऱ्याच्या श्रद्धेने दिलेले असते. त्याचा विनियोग समाजानेच, समाजासाठी, उघड हिशेब ठेवून करावा.

आणि समाज हे करू शकतो. माजी नौसैनिक गजानन माने यांनी कल्याणच्या पत्रीपुलाजवळील हनुमाननगर या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत वर्षानुवर्षे जाऊन जे उभे केले, ते कोणत्याही परिपत्रकाने सांगितलेले नव्हते. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती उशिरा दिसलेल्या कामाची नोंद होती. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात जनकल्याण समितीचे काम सुरू झाले, तेही समाजाच्या बळावर. पण याचा अर्थ शासनाने अंग काढून घ्यावे असा नाही. सेवा ही हक्काची जागा घेऊ शकत नाही. ती हक्क पोहोचविण्याचे काम करू शकते.

दीनदयाळजींनी अंत्योदयाचा विचार मांडला. शहरी गरिबांसाठीची केंद्राची योजना आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पण रांगेतला शेवटचा माणूस नाव देऊन सापडत नाही. त्यासाठी कोणीतरी रांगेच्या टोकापर्यंत चालत जावे लागते. प्रत्येक वस्तीत आपली शाखा आहे, आपले वाचक आहेत. आपल्या इमारतीमागच्या चाळीत, स्टेशनच्या पुलाखाली, नाक्यावरच्या देवळाच्या पायरीवर कोण निराधार आहे, याची यादी करायला शासनाची परवानगी लागत नाही. त्या माणसाचा अर्ज भरून देणे, तहसील कार्यालयात त्याच्यासोबत जाणे, नकार मिळाला तर लेखी कारण मागणे आणि तोवर त्याच्या घरी चूल पेटते आहे ना, हे पाहणे, इतके आपल्या हातात आहे. डोंबिवलीच्या त्या सत्तरीच्या विधवेला ओळखणारा माणूस आपल्यातलाच आहे. अधिकार मिळेपर्यंत त्याने थांबू नये आणि अधिकार मागण्याचेही सोडू नये.